काम मिळविण्याची विद्या
(बांधकाम व्यवसायाच्या इतिहासातील काही धडे)

काम करणे ही एक विद्या आहे आणि काम मिळविणे ही दुसरी. यांपैकी पहिली विद्या आपल्या ज्ञातीस पिढीजात लाभलेली आहे. वाडे, देवळे, नदीचे घाट आणि पूल यांच्या बांधणीत आपल्या पूर्वजांचे हात राबले, हे ज्ञातिबांधवांस नव्याने सांगण्याचे प्रयोजन नाही. गेल्या दोन-तीन पिढ्यांत त्या हस्तकौशल्यास अभियांत्रिकीच्या पदविकेची व पदवीची जोडही मिळाली. तथापि आपल्यातील किती जण स्वतःच्या नावावर निविदा भरतात आणि किती जण दुसऱ्याच्या ठेक्यातील पोटठेकेदार म्हणून आयुष्य काढतात, याचा ज्याने त्याने आपल्या घराभोवती हिशेब करून पाहावा. कर्त्या पुरुषाच्या पश्चात पेढी बंद पडली आणि मुलगा नोकरीस लागला, ही कथाही आपल्यास अपरिचित नाही.

हल्ली या दुसऱ्या विद्येस ‘मार्केटिंग’ व ‘बिझनेस डेव्हलपमेंट’ अशी भारदस्त नावे मिळाली आहेत. नावे नवी असली तरी वस्तू नवी नाही. आपल्या देशात मोठ्या ठेक्याची पद्धत रूढ झाल्यास दीडशेहून अधिक वर्षे लोटली, आणि या काळात कोणास काम मिळाले व कोणाचे हातचे गेले, याचा इतिहास उपलब्ध आहे. तो ज्ञातीतील तरुणांपुढे संक्षेपाने मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

घाटातील ठेका

इ. स. १८५३ मध्ये मुंबई ते ठाणे अशी आगगाडी धावली. या पहिल्या टप्प्याचे ठेकेदार फॅविएल आणि फाउलर हे इंग्रज होते. पुढे जी. आय. पी. रेल्वेने भोर घाट चढून जाण्याचे अवघड काम काढले तेव्हा तेही फॅविएल यांच्याकडेच आले. मागील कामाची ओळख हेच पुढील कामाचे शिफारसपत्र ठरते, हा नियम आपल्याकडे असा पहिल्या ठेक्यापासूनच दिसून येतो.

परंतु ओळखीने मिळालेले काम पतीवाचून टिकत नाही, हेही त्याच घाटाने दाखवून दिले. १८५६ मध्ये काम सुरू झाले. मजुरांचे पगार मुकादमांमार्फत दिले जात. ते थकू लागले. १८५९ च्या आरंभी या थकबाकीवरून घाटात मजुरांचा मोठा दंगा झाला आणि त्याच वर्षी फॅविएल यांस ठेका सोडावा लागला. यंत्रसामग्रीची वाण नव्हती, अनुभवही दांडगा होता. मजुरांचा विश्वास तेवढा उरला नव्हता.

त्यांच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल हे ठेकेदार विलायतेहून आले आणि मुंबईस उतरल्यावर थोड्याच दिवसांत निवर्तले. अशा प्रसंगी कोणतीही विधवा स्त्री परत गेली असती तर तिला कोणी दोष दिला नसता. त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी मात्र ठेका सोडला नाही. ॲडमसन व क्लाउझर या दोन अनुभवी अभियंत्यांच्या हाती प्रत्यक्ष काम सोपवून त्यांनी तो आपल्या नावावर पुढे चालविला. १८६१ मध्ये या घाटात बेचाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. रोगराईने आणि अपघातांनी हजारो मजूर दगावले, ही गोष्ट त्या घाटातून जाताना कोणीही विसरू नये. पंचवीस बोगदे पार करून १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. दिलेला शब्द व्यक्तीच्या मृत्यूने संपू न देणे, हे पेढीचे पहिले लक्षण होय. आणि ते आपल्या भूमीवर एका स्त्रीने दाखवून दिले, हे ज्ञातिभगिनींनी अवश्य ध्यानात घ्यावे.

याच रेल्वेच्या मार्गावर जमशेटजी दोराबजी या पारशी गृहस्थांनीही ठेके घेतले व ते यशस्वी रीतीने पार पाडले. इंग्रज ठेकेदारांच्या मांदियाळीत एतद्देशीय मनुष्यास जागा मिळाली ती त्यांच्या पुऱ्या झालेल्या कामामुळे. पारशी समाजात या धंद्यास पुढे एवढी प्रतिष्ठा आली की ‘कॉन्ट्रॅक्टर’ हे आडनावच होऊन बसले. १९०३ मध्ये उघडलेल्या मुंबईच्या ताजमहाल हॉटेलाचे ठेकेदार खानसाहेब सोराबजी रतनजी कॉन्ट्रॅक्टर याच नावाने ओळखले जात. त्या इमारतीच्या वास्तुरचनाकारांत सीताराम खंडेराव वैद्य हे नाव आहे, ही मराठी वाचकांस अभिमानाची गोष्ट होय.

दोन भागीदार

विसाव्या शतकाच्या आरंभी सोलापूरच्या एका व्यापारी जैन घराण्यातील तरुणास वडिलोपार्जित धंद्यात गोडी वाटेना. हे वालचंद हिराचंद. त्यांची गाठ लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी पडली. फाटक हे रेल्वेत कारकुनी केलेले गृहस्थ. ठेक्याचे कागद कसे वाचावे, मोजमाप कसे घेतले जाते, बिल कोणत्या टेबलावर अडते, याचे ज्ञान त्यांस होते, भांडवल नव्हते. वालचंदांच्या घराण्यास बाजारात पत होती. रेल्वेच्या कामाची माहिती नव्हती. बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी-तडवळे मार्गाचे काम या जोडीने घेतले आणि तेथून ‘फाटक-वालचंद’ हे नाव पुढे आले.

या भागीदारीकडे आपण नीट पाहिले पाहिजे. दोघांची ज्ञाती एक नव्हती. एकाकडे जे उणे होते ते दुसऱ्याकडे होते, एवढ्याच पायावर ती उभी राहिली. ज्ञातिसंस्थेच्या वार्षिकात हे लिहिणे कोणास विपरीत वाटेल. परंतु भागीदार आपल्यातलाच हवा, या आग्रहापायी दोन सारख्याच उणिवांची माणसे एकत्र येतात आणि पहिली अनामत रक्कम भरतानाच पेढीचा श्वास कोंडतो, हा अनुभव आपल्याकडे थोडा नाही. ज्ञातीने माणूस घडवावा. भागीदार मात्र कामाने निवडावा.

पुढे १९२० मध्ये ही पेढी टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीत सामील झाली आणि १९२६ मध्ये हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनीचा जन्म झाला. ज्या भोर घाटात साठ वर्षांपूर्वी मुख्य ठेकेदार विलायतेहून आणावे लागले, त्याच घाटातील नव्या बोगद्यांचे काम या मंडळींनी केले. वालचंद १९५३ मध्ये निवर्तले. कंपनी थांबली नाही. कोयनेचे धरण तिने बांधले आणि २००९ मध्ये खुल्या झालेल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूवरही तिचेच नाव आहे. व्यक्तीच्या पतीचे रूपांतर संस्थेच्या पतीत झाले, ते असे.

जाहिरात कशाची करावी

काम मिळविण्याच्या विद्येत जाहिरातीस स्थान आहे काय? अवश्य आहे, परंतु ती कशाची करावी, याचा विवेक हवा. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण मराठी माणसास जवळचे आहे. लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत असताना त्यांनी नांगर केले व पहिला गिऱ्हाईक मिळेपर्यंत धीर धरला. बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली, तेव्हा औंधातील देवालयाच्या मंडपाच्या कामामुळे तेथील अधिपतींशी जुळलेला संबंध उपयोगी पडला. त्यांनी दिलेल्या माळरानावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. हाती घेतलेले एक काम मन लावून केले, त्यातून पुढे अख्खे गाव उभे राहिले. १९२० मध्ये निघालेली ‘किर्लोस्कर खबर’ ही आरंभी कारखान्याची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचविणारी पत्रिका होती. नांगर घ्या, असा घोष करण्यापेक्षा वाचकास उपयोगी वाचन देऊन त्याच्या घरात प्रवेश मिळविणे, ही त्यामागील दृष्टी होय.

सिमेंटच्या कारखानदारांनीही हीच वाट धरली. चुन्याच्या बांधकामास सरावलेल्या लोकांस काँक्रीटची खात्री पटेना. तेव्हा १९२७ मध्ये काँक्रीट असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था काढून सिमेंटचा वापर कसा करावा याचा तांत्रिक सल्ला विनामूल्य देण्याची व्यवस्था झाली व काँक्रीटविषयक नियतकालिकही सुरू झाले. गिऱ्हाईक शहाणे झाले की माल आपोआप खपतो, हे त्या चतुर मंडळींनी ओळखले होते.

वास्तुरचनाकारांस तर जाहिरातीची मुभाच नाही. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यान्वये १९८९ मध्ये झालेल्या वर्तणूक नियमांनुसार त्यांनी आपल्या व्यवसायाची जाहिरात करावयाची नाही. आपण केलेल्या इमारतीवर नाव लावता येते; परंतु त्याची अक्षरे दहा सेंटिमीटरहून उंच असता कामा नयेत. या दहा सेंटिमीटरांत आमच्या मते मोठा अर्थ भरला आहे. नाव लहान असावे आणि इमारत मोठी दिसावी. स्पर्धेचा मार्ग मात्र त्यांस मोकळा आहे. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचे, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे काम जॉर्ज विटेट यांस १९०९ मधील स्पर्धेतून मिळाले.

घरे बांधून विकणाऱ्यांवर २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, ज्यास लोक ‘रेरा’ म्हणतात, असेच बंधन घातले आहे. प्रकल्पाची नोंदणी झाल्यावाचून जाहिरात करता येत नाही, जाहिरातीतील खोट्या विधानाने नुकसान झाल्यास भरपाई द्यावी लागते, आणि ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात. पूर्वी जे सचोटीवर सोडलेले होते, ते आता कायद्याने बांधले गेले.

लहान जागेतील पेढी

१९३८ मध्ये होल्क-लार्सन आणि टुब्रो या दोन डॅनिश अभियंत्यांनी मुंबईत भागीदारी सुरू केली. त्यांची पहिली कचेरी इतकी लहान होती की एका वेळी एकासच तेथे बसता येई, असे सांगतात. डेन्मार्कची दुग्धव्यवसायाची यंत्रे विकणे हा त्यांचा आरंभीचा धंदा. १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क व्यापला व माल येणे थांबले. दुसरा कोणी असता तर कपाळास हात लावून बसता. यांनी ती यंत्रे येथेच बनविण्याचा उद्योग आरंभला, जहाजदुरुस्ती पत्करली आणि १९४४ मध्ये बांधकामासाठी निराळी कंपनी काढली. गिऱ्हाइकाची गरज ओळखून आपले कौशल्य तिकडे वळविणे, याचेच नाव व्यवसायाचा विकास.

आजची निविदा

आता आजच्या स्थितीकडे वळू. सरकारी काम संगणकावरील ई-निविदेने मिळते. ज्याचा दर कमी त्यास काम, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. दराचा लिफाफा उघडण्यापूर्वी तांत्रिक लिफाफा उघडतो आणि त्यात मागील वर्षांत अशाच स्वरूपाचे काम केल्याचा दाखला, वार्षिक उलाढाल, यंत्रसामग्री व कर्जाची ऐपत पाहिली जाते. दर फारच खाली घातला तर सार्वजनिक बांधकाम खाते जादा सुरक्षा ठेव मागते. म्हणजे भोर घाटात जी पत माणसांच्या मुखी होती, ती आज कागदावर उतरली आहे.

येथेच आपले बांधव मागे पडतात. पोटठेकेदाराने वीस वर्षे उत्तम काम केले तरी पूर्णत्वाचा दाखला मूळ ठेकेदाराच्या नावे होतो. त्याच्या हाती ना दाखला, ना मोजमापाची नोंद, ना नीट ठेवलेला हिशेब. ज्या पुलावरून गाव जाते-येते, तो आपण बांधला हे त्यास ठाऊक असते, गवंड्यास ठाऊक असते. निविदा समितीस मात्र ठाऊक नसते. कौशल्याची एवढी हानी दुसऱ्या कोणत्या धंद्यात होत असेल, असे वाटत नाही.

ज्ञातीपुढे काही सूचना

म्हणून संस्थेच्या कार्यकारी मंडळाने पुढील गोष्टींचा विचार करावा, अशी नम्र विनंती आहे. प्रत्येक व्यावसायिकाने आपल्या कामांची नोंदवही ठेवावी. तीत कामाचे ठिकाण, रक्कम, मुदत, छायाचित्रे आणि काम देणाऱ्याचे पत्र असावे. पोटठेका घेतानाच लेखी करार व पुढे दाखला मागून घ्यावा. सेवानिवृत्त अभियंते व लेखापाल आपल्या ज्ञातीत आहेत. त्यांनी महिन्यातून एक दिवस संस्थेच्या कार्यालयात बसून निविदा वाचण्यास व दराचे पृथक्करण करण्यास तरुणांस शिकवावे. शिष्यवृत्ती निधीप्रमाणेच, पहिली अनामत रक्कम भरण्यासाठी परतफेडीच्या अटीवर लहानसा निधी उभारावा. आणि ज्या घरांत मुली अभियंत्या झाल्या आहेत, त्या घरांनी पेढीची सूत्रे केवळ मुलाकडेच जावीत, हा हट्ट सोडावा.

यांपैकी एकही गोष्ट मोठ्या खर्चाची नाही. परंतु या सर्वांच्या आधी एक गोष्ट हवी, आणि तिला निधी लागत नाही. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी मजुराची मजुरी त्याच्या हाती पडली पाहिजे. बिल अडले असले तरी पडली पाहिजे. फॅविएल यांच्या हातून घाट गेला तो येथेच गेला. आणि आपल्यातील जे दोन-चार जण आज नावारूपास आले आहेत, त्यांच्या कामावर मजूर आपण होऊन येतात, यावरून ज्ञातिबांधवांनी योग्य तो बोध घ्यावा.