हडफडे, रात्रीचे पावणेबारा

मार्च 2024. गोव्यात हडफडे इथल्या 'बर्च बाय रोमिओ लेन' या नाइट क्लबच्या व्यापार परवान्याची मुदत संपली. मिठागराच्या जागेत उभे राहिलेले ते बांधकाम पाडण्याचा आदेश पंचायतीने काढला होता. अपिलात पंचायत संचालनालयाकडून त्याला स्थगिती मिळाली. परवाना संपला तरी क्लबला सील लागले नाही. दारू, संगीत, गर्दी, सगळे पुढचे वीस महिने सुरूच राहिले.

शनिवार, 6 डिसेंबर 2025, संध्याकाळ. गोव्यात पर्यटनाचा भर हंगाम. आमच्या नागपूर जिल्ह्यातल्या मौद्याकडे हेच दिवस कार्यक्रमांचे. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रा, मग शंकरपटाच्या बैलशर्यती, झाडीपट्टीची नाटके, नागपूर-भंडारा रस्त्यावरच्या लॉनवर लग्ने. एका रात्रीच्या कार्यक्रमासाठी पोलीस ठाण्याची परवानगी लागते, ध्वनिक्षेपकाची वेगळी, आणि दारू द्यायची असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना. आयोजक चलन भरतो, शिक्का मिळवतो आणि सुटलो म्हणतो. मला या सुटकेचीच भीती वाटते. कार्यक्रमाआधी दोन तास कुणीतरी मंडपात उभे राहून बघायला हवे की कनात किती ठिकाणी उघडते, जनरेटरचे डिझेल कुठे ठेवले आहे, बंब आत वळेल का. जो परवाना देतो, त्याच्या माणसाने हे डोळ्यांनी बघितलेच पाहिजे. हडफड्यात काय झाले ते वाचल्यावर यात सवलत द्यायला माझे मन तयार नाही.

रात्री 11 नंतर. नाचाच्या जागेवर शंभरेक माणसे. मंचावर नर्तकी, मागे वादक. बंदिस्त जागेत इलेक्ट्रिक फटाके उडवले गेले.

11.45 च्या सुमारास. ठिणग्या छताला लागल्या. त्या क्षणाचा व्हिडिओ देशभर पाहिला गेला. नर्तकीच्या डोक्यावर ज्वाळा दिसतात, तरी गाणे थांबत नाही. वादक वाद्ये सोडून बाजूला होतात. समोरच्या लोकांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटतोय की काय, असे काही क्षण वाटत राहते. मग धूर. बाहेर पडायची वाट अरुंद. काही जण जीव वाचवायला खाली तळघरातल्या स्वयंपाकघराकडे पळाले. तिथे कामगार आधीच अडकलेले होते आणि धूर निघून जायला जागा नव्हती.

12.04. पोलीस नियंत्रण कक्षात फोन आला. बंब निघाले, पण गल्ल्या इतक्या चिंचोळ्या की ते सुमारे चारशे मीटर अलीकडेच थांबवावे लागले. आगीच्या वेळी चारशे मीटर म्हणजे किती, हे तळघरातल्या माणसाच्या श्वासावर मोजायचे.

1.17. आग विझवणे सुरू असतानाच क्लबच्या मालक भावांनी थायलंडची विमान तिकिटे काढली, असे गोवा पोलिसांनी सांगितले.

पहाटे 5.30. दिल्लीहून त्यांचे विमान फुकेतकडे निघाले.

रविवार, 7 डिसेंबर. मृतांचा आकडा 25 वर गेला. त्यातले 20 क्लबचे कर्मचारी आणि 5 पर्यटक. बहुतेकांचा जीव गुदमरून गेला होता. कर्मचाऱ्यांतले अनेक जण झारखंड, आसाम, उत्तराखंड आणि नेपाळमधून पोटासाठी आलेले. त्यांनी ना परवाना मागितला होता, ना नाकारला होता. ते फक्त पाळीवर होते.

मग सरकार हलले. तीन अधिकारी निलंबित झाले, वागातोर इथले त्याच मालकांचे बांधकाम पाडले गेले, दोघा भावांना 16 डिसेंबरला थायलंडहून परत आणले गेले. दंडाधिकारी चौकशीतही तेच समोर आले: परवाना मार्च 2024 मध्येच संपला होता, आणि क्लब बंद करण्याचा अधिकार असलेल्या पंचायतीने तो बंद केला नव्हता.