मडकें, टोपली आणि पेटी

खंडाळा म्हटलें कीं मुंबईकरांच्या डोळ्यांपुढें बोरघाट उभा राहतो. परंतु आम्ही म्हणतों तो खंडाळा सातारा जिल्ह्यांतला, नीरा नदी आणि खंबाटकीचा घाट यांच्या दरम्यानचा. तेथें एका स्नेह्याच्या घरीं पावसाळ्यांत आमचा मुक्काम असतां बाजरीच्या कणगीमागें धामण निघाली. गांवांतल्या एका सर्पमित्र तरुणानें ती लीलया धरली आणि प्लास्टिकच्या मोठ्या बरणींत घालून वर झांकण फिरविलें. झांकणाला तापलेल्या खिळ्यानें भोंकें पाडलेलीं होतीं. पण तीं बाहेरून पाडल्यामुळें त्यांच्या खरखरीत कडा आंत आल्या होत्या, आणि वाट शोधणारी धामण आपलें नाकाड नेमकें त्या कडांवर घाशीत होती. आम्हीं तें दाखवितांच तो म्हणाला, "काका, बरणी आपल्यासाठीं असते. सापाला काय, तासाभरांत सोडायचाच आहे."

उत्तर प्रामाणिक होतें, आणि म्हणूनच तें आमच्या मनांतून जाईना. साप धरण्याच्या विद्येबद्दल आम्हीं पुष्कळ वाचलें आहे. धरलेला साप पुढें कशांत घालून नेला याविषयीं फार थोडें. वास्तविक ज्या भांड्यांतून साप नेला जातो तें भांडें पाहिलें, कीं नेणाऱ्याला कोणाच्या जिवाची काळजी होती हें लगेच कळतें.

गारुड्याची टोपली सर्वांच्या ओळखीची. ती हलकी असते, तींतून वारा खेळतो, आणि सापाला वेटोळें घालून पडून राहतां येतें. परंतु वारंवार झांकण उघडून खेळ दाखवावयाचा, तर दंशाचें भय राहणारच. त्यावर उपाय म्हणून गारुडी टोपली सुधारीत बसला नाहीं. त्यानें सापच सुधारला! दांत उपटले, प्रसंगीं तोंडहि शिवलें. असा साप पुढें खाऊं शकत नाहीं आणि तोंडाच्या जखमांनीं व उपासानें हळूहळू मरतो. पाहणारे मात्र त्याला दूध पाजल्याचें पुण्य पदरीं बांधून घरीं जात.

याच्या उलट बत्तीस शिराळ्याचें मडकें. सांगली जिल्ह्यांतल्या या गांवीं नागपंचमीच्या आधीं कांहीं दिवस लोक रानांतून नाग धरून आणीत, मडक्यांत ठेवीत, पूजा व मिरवणूक झाली म्हणजे पुन्हां रानांत सोडून देत. मातीच्या नागाच्या पूजेंत गुंतलेल्या गृहिणीला भिक्षा वाढावयास उशीर झाला आणि गोरक्षनाथांनीं तिला जिवंत नागच पूजावयास दिला, अशी या प्रथेची आख्यायिका आहे. आमचें लक्ष आख्यायिकेपेक्षां मडक्याकडे अधिक आहे. सापाला आपल्या अंगांत ऊब किंवा गारवा राखतां येत नाहीं. भोंवतीं जें ऊन वा थंडी असेल तेंच त्याचें तापमान. उन्हांत तापलेल्या पत्र्याच्या डब्यांत, पारा चाळीस अंशांच्या पुढें गेला तर, तो पाहतां पाहतां दगावतो. मातीचें भांडें सच्छिद्र असतें. तें ओलें राहिलें म्हणजे पाण्याची वाफ होतांना आंत गारवा धरतें. तोंडाला कापड बांधलें कीं हवा जाते आणि आंत काळोख राहतो, व काळोखांत साप पुष्कळसा शांत होतो. पोट गोल, त्यामुळें नाकाड घासावयास कोपरा नाहीं. आमच्या स्नेह्याच्या घरच्या धामणीला त्या बरणीऐवजीं असें मडकें मिळतें तर तिचें नाक तरी शाबूत राहिलें असतें.

पण मडकें निर्दोष म्हणून सण निर्दोष ठरत नाहीं. मडक्यांतून काढलेला नाग वाजंत्र्यांच्या गर्दींत, कोणाची फडी मोठी या चढाओढींत सांपडे. नाग बाळगण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मनाई होतीच. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर या शतकांत जिवंत नागांच्या मिरवणुकीला आळा बसला. २०२५ सालीं पारंपरिक ज्ञानाच्या शिक्षणासाठीं म्हणून मोजके नाग धरण्यास केंद्र सरकारनें मर्यादित परवानगी दिली. गांवकऱ्यांना ती अपुरी वाटणें स्वाभाविक आहे. आमच्या मतें त्या ज्ञानांतला जपण्याजोगा भाग मिरवणुकींत नव्हताच, मडक्यांत होता.

सापाला हजार कोस नेण्याची गरज मात्र देवभक्तीनें नव्हे, वैद्यकानें उत्पन्न केली. १८९१ सालीं आल्बेर काल्मेत हा फ्रेंच वैद्य सायगांवच्या प्रयोगशाळेंत असतां, पुरामुळें नाग एका खेड्यांत शिरले आणि अनेकांना दंश झाले. तेथल्या एका माणसानें एकोणीस नाग जिवंत धरून एका पिंपांत कोंबले, व जिल्ह्याच्या अधिकाऱ्यानें तें पिंप काल्मेतकडे पाठवून दिलें. या पिंपापासून सुरू झालेल्या अभ्यासाची परिणति १८९५ च्या सुमारास सर्पविषावरील लसींत झाली. एकाच पिंपांत एकोणीस नाग! आज असें कोणी केलें तर त्याला आपण माथेफिरू म्हणूं.

आपल्याकडे १८९८ चा टपाल कायदा झाला. टपालानें काय पाठवूं नये याच्या यादींत स्फोटक पदार्थ, उघडीं धारदार हत्यारें यांच्याबरोबर, टपालाला किंवा टपाल खात्याच्या नोकरांना इजा करील असा जिवंत प्राणीहि घातलेला होता. पुढल्याच वर्षीं परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत प्लेगच्या संशोधनाची प्रयोगशाळा आली. तीच १९२५ पासून हाफकिन संस्था झाली, आणि नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चौघांच्या विषावर चालणारी लस पुढें तेथें तयार होऊं लागली. सापांचे अभ्यासक डॉ. देवरस याच संस्थेंतले. घोड्याला विषाची अल्प मात्रा वाढवीत टोंचून त्याच्या रक्तांतून लस काढावयाची, म्हणजे विष हवें; आणि विष हवें म्हणजे साप जिवंत व धडधाकट हवा. गारुड्याला दोन महिन्यांनीं दुसरा नाग मिळे. प्रयोगशाळेला मेलेल्या फुरशाचा कांहींच उपयोग नव्हता. येथें सापाचें क्षेम आणि माणसाचा रोकडा स्वार्थ एकाच पेटींत येऊन बसले.

अशा पेटीचे आजचे नियम वाचतांना त्यांत किती सापांच्या मरणांचा अनुभव सांठला असेल असें वाटतें. साप प्रथम जाड सुती पिशवींत घालावा. पिशवीची शिवण बाहेर असावी, म्हणजे सुटे धागे खवल्यांत अडकत नाहींत. एका पिशवींत एकच साप. मण्यारीबरोबर दुसरा साप ठेवला तर मुक्कामीं एकटी मण्यारच पोंचण्याचा संभव, कारण साप हें तिचें अन्न आहे. निघण्यापूर्वीं कांहीं दिवस खावयास देऊं नये. भरल्या पोटीं हादरे बसले कीं साप भक्ष्य ओकतो. पिशवी मग भक्कम पेटींत, आणि पेटीचीं भोंकें आंतून बाहेर पाडलेलीं! वर मोठ्या अक्षरांत आंत काय आहे तें लिहावें. विमानानें प्राणी नेण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांचें सार असेंच आहे. अमेरिकेंत हौसेनें पाळलेले अजगर एका रात्रींत घरपोंच जातात ते या रीतीनें. पण तेहि खाजगी वाहतुकीनें, तेथलें सरकारी टपालखातें साप घेत नाहीं. आपल्याकडे रानचे साप पाळणेंच गुन्हा असल्यामुळें ही हौस आपल्या कामाची नाहीं.

आपल्या कामाची गोष्ट तमिळनाडूंत घडली. १९७८ सालीं रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकारानें इरुळा जमातीच्या सर्प पकडणाऱ्यांची सहकारी संस्था निघाली. तीहि साप मातीच्या मडक्यांतच ठेवते. तोंडाला कापड, वर दोरी. कांहीं आठवडे विष काढून साप रानांत सोडला जातो, आणि वाळविलेलें विष तेवढें कुपींतून लस करणाऱ्यांकडे जातें. सापाचा लांबचा प्रवासच संपला. देशांतल्या लशीला लागणारें बहुतेक विष या एका संस्थेकडून येतें.

या सोयीचा एक तोटा अलीकडे उघड झाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं २०१९ पासून दाखवून दिलें आहे कीं, एकाच जातीच्या सापाचें विष प्रांताप्रांतांत बदलतें, आणि दक्षिणेच्या विषावर केलेली लस इतरत्र कमी पडूं शकते. २००० ते २०१९ या काळांत भारतांत सर्पदंशानें वर्षाला सरासरी ५८,००० माणसें दगावलीं असा अंदाज आहे. त्यांत शेतांत राबणारीं खेड्यांतलीं माणसें फार. तेव्हां कोंकणचें फुरसें आणि माणदेशची घोणस पुन्हां कोणत्या तरी भांड्यांत घालावी लागेल, आणि तें भांडें धरणारा बहुधा खंडाळ्याच्या त्या तरुणासारखाच कोणी असेल. आम्ही निघालों त्या दिवशीं तो बरणीचें नवें झांकण घेऊन आला होता. भोंकें आंतून पाडलेलीं होतीं. पण बरणी प्लास्टिकचीच होती, आणि ती त्यानें उन्हांत ठेवली होती.