परिवलन आणि प्रक्षुब्ध प्रवाहातील ऊर्जासंक्रमण

प्रक्षुब्ध प्रवाहातील मोठ्या भोवऱ्यांची ऊर्जा क्रमाक्रमाने लहान भोवऱ्यांकडे उतरत जाऊन अखेर श्यानतेमुळे उष्णतेत परिणत होते, ही कल्पना एल. एफ. रिचर्डसन यांनी १९२२ मध्ये मांडली आणि कोल्मोगोरोव यांनी १९४१ मध्ये तिला संख्यात्मक रूप दिले. परंतु सबंध द्रायूच जेव्हा एखाद्या अक्षाभोवती फिरत असतो, तेव्हा हा उतरता क्रम मंदावतो, आणि ऊर्जेचा काही अंश उलट मोठ्या आवर्तांकडे जमा होऊ लागतो.

परिवलनाचा अंमल कोठे चालतो व कोठे चालत नाही, हे रॉसबी अंकावरून ठरते. प्रवाहाच्या वेगाला त्याची वैशिष्ट्यदर्शक लांबी (रुंदी वा विस्तार) आणि परिवलनाच्या कोनीय वेगाची दुप्पट यांच्या गुणाकाराने भागले असता हा अंक मिळतो (पृथ्वीच्या बाबतीत भाजकास अक्षांशाच्या ज्येनेही गुणावे लागते). तो एकाहून पुष्कळ लहान असल्यास परिवलन प्रबळ समजावे. पिंपरी-चिंचवडच्या उत्तर हद्दीवरील तळवडे येथे, सुमारे १८.७ अंश उत्तर अक्षांशावर, याचे तीन दाखले एकत्र सापडतात. देहूकडून आळंदीकडे जाणाऱ्या इंद्रायणीचे पात्र ५० मीटर रुंद आणि वेग सेकंदास १ मीटर धरला, तर अंक ४०० हून अधिक येतो. तेव्हा नदीतील भोवरे पृथ्वीच्या परिवलनामुळे फिरतात, ही समजूत निराधार होय. त्याच गावावरून जाणारा नैर्ऋत्य मोसमी वारा सेकंदास १० मीटर वेगाचा व १,००० किलोमीटर विस्ताराचा धरल्यास अंक ०.२ वर येतो. आणि तेथीलच एखाद्या कारखान्यात, मिनिटास १,४४० फेऱ्यांच्या मोटरीवर चालणाऱ्या पंपाच्या इंपेलरमध्ये, १० सेंटिमीटरांच्या मार्गातून पाणी सेकंदास ६ मीटर सापेक्ष वेगाने जात असेल, तर तेथेही तो ०.२ च भरतो. छोटेसे यंत्र आणि अर्धे द्वीपकल्प व्यापणारा वारा यांना एकाच नियमाखाली आणणारी ही समानता या शास्त्रातील सर्वांत मनोहर गोष्ट म्हणावी लागेल.

परिवलनामुळे भासणारे कोरिऑलिस बल वेगाशी नेहमी काटकोनात असल्यामुळे ते कार्य करीत नाही, आणि ऊर्जेच्या एकूण बेरजेत त्याच्यामुळे पैचीही वाढघट होत नाही. तथापि त्याच्या योगाने द्रायूत निरूढी तरंग उत्पन्न होतात. त्यांची कंप्रता तरंगदिशा अक्षाशी जो कोन करते त्यावर अवलंबून असून कोनीय वेगाच्या दुपटीहून कधीही अधिक नसते. ऊर्जेची देवघेव तीन-तीन तरंगांच्या गटांत चालते. ज्या गटातील कंप्रतांची बैजिक बेरीज शून्य असते त्याचीच देवघेव टिकून राहते. इतर गटांत कला इतक्या त्वरेने बदलतात, की या क्षणी दिलेले पुढल्या क्षणी परत घेतले जाऊन निव्वळ वसूल नगण्य उरतो. परिणामी लहान आकारांकडील ओघ क्षीण होतो आणि ऊर्जा अक्षाला लंब असलेल्या मंद तरंगांकडे वळून प्रवाहात अक्षाला समांतर असे दीर्घ स्तंभ बनतात. हॉपफिंगर, ब्रॉवंड व गान्य यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, फिरत्या टाकीच्या तळाजवळ जाळी वरखाली हलवून, असे उभे भोवरे प्रत्यक्ष दाखविले. स्तंभमय प्रवाह जवळजवळ द्विमितीय असतो, आणि द्विमितीय प्रक्षोभात ऊर्जा मोठ्या आकारांकडे चढते, असे क्रेशनन यांनी १९६७ मध्येच प्रतिपादिले होते. अतिसूक्ष्म भोवरे मात्र एवढे चपळ असतात की परिवलन त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

वातावरणाच्या बाबतीत पाहता, पुण्यात पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत (स्थापना १९६२) मोसमी वाऱ्यांच्या निरनिराळ्या तरंगलांबींमधील ऊर्जेच्या देवघेवीचा अभ्यास झाला आहे.

यंत्रांच्या बाबतीत हा विषय अधिक उपेक्षित राहिला, याचा खेद वाटतो. जॉन्स्टन व सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये फिरत्या मार्गातील प्रवाह मोजला, तेव्हा दाबाच्या भिंतीलगत प्रक्षोभ वाढतो आणि विरुद्ध भिंतीलगत तो शमतो, असे आढळले. केंद्रोत्सारी पंपाच्या पात्यांदरम्यानही हाच भेद संभवतो. असे असता पंप व पंखे यांच्या संगणकीय आराखड्यांत अनेकदा के-एप्सिलॉन हे प्रतिमान वापरले जाते, ज्याचा पाया प्रक्षोभाच्या गतिज ऊर्जेचे समीकरण हा आहे. कोरिऑलिस बल कार्यच करीत नसल्यामुळे त्या समीकरणात त्याचे पद येत नाही, आणि मूळ प्रतिमानातील प्रक्षोभाला यंत्र फिरते आहे याची थेट दखलच नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी स्पालार्ट व शुर यांनी १९९७ मध्ये सुचविलेल्या दुरुस्तीसारखी वेगळी तजवीज करावी लागते, अथवा प्रक्षोभजन्य ताणाचा प्रत्येक घटक स्वतंत्रपणे काढणारी प्रतिमाने घ्यावी लागतात.