डोक्यावरचा टोला : अमेरिकी कार्टूनपटांतील स्मृतिभ्रंश

एका पात्राला भलतेच पात्र समजण्यातून उद्भवणारा विनोद रंगभूमीला दोन हजार वर्षांपासून परिचित असून, रोमन नाटककार प्लॉटसने जुळ्या भावांच्या साम्यावर उभा केलेला घोटाळा पुढे शेक्सपिअरने ‘कॉमेडी ऑफ एरर्स’मध्ये जुळ्या नोकरांची भर घालून दुप्पट केला. या परंपरेत सहसा चुकतो तो पाहणारा. आपण कोण आहोत हे खुद्द त्या पात्राला ठाऊक असते. विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकी कार्टूनपटांनी, म्हणजे चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाच्या जोडीने दाखवल्या जाणाऱ्या सुमारे सात मिनिटांच्या चित्रमय लघुपटांनी, ही चूक पात्राच्या स्वतःच्याच डोक्यात नेऊन ठेवली आणि त्यासाठी स्मृतिभ्रंशाचा आधार घेतला.

हा आधार त्या काळच्या प्रेक्षकाला नवखा नव्हता. १९४२ साली एमजीएम या चित्रसंस्थेच्या ‘रँडम हार्वेस्ट’मध्ये पहिल्या महायुद्धात स्मृती गमावलेला सैनिक नवा संसार थाटतो, पुढे मोटारीच्या धक्क्याने त्याला जुने आयुष्य आठवते आणि नवे मात्र पुसले जाते. वैद्यकाच्या दृष्टीने दुसरा आघात इजा वाढवणाराच असतो आणि डोक्याला मार लागून स्वतःची ओळखच नाहीशी होणे दुर्मीळ असते. पण धक्क्याने गेलेले धक्क्यानेच परत येते, ही कल्पना कथाकारांना सोयीची होती.

त्याच एमजीएमने १९५१ मध्ये प्रदर्शित केलेल्या, विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा दिग्दर्शित ‘निट-विटी किटी’त डोक्यावर टोला बसलेला टॉम हा बोका स्वतःला उंदीर समजू लागतो. टॉम क्वचितच बोलत असल्यामुळे ‘मी उंदीर आहे’ हे त्याच्या तोंडी घालून भागण्यासारखे नव्हते; ते त्याच्या चालण्यातून, दबकण्यातून आणि जेरी या उंदराच्या घरात हक्काने वावरण्यातून दाखवावे लागले. म्हणूनच हा लघुपट महत्त्वाचा ठरतो, कारण टॉमचे शरीर बोक्याचेच ठेवून केवळ हालचालींच्या बळावर त्याला उंदीर करणे हे चित्रकारांचे कसब येथे उघडपणे पणाला लागलेले आहे. टॉमने चालवलेला नेहमीचा छळ थांबल्याने खरे तर जेरीने सुखावायला हवे होते. परंतु हा अवाढव्य सोबती त्याला असह्य होतो आणि आपल्या वैऱ्याला पुन्हा वैरी करण्यासाठी तोच धडपडतो. टॉम आणि जेरीच्या या मालिकेतील कृष्णवर्णीय मोलकरणीचे ठोकळेबाज चित्रण मात्र आज खटकते, आणि ते खटकायलाच हवे.

वॉर्नर ब्रदर्सच्या चित्रसंस्थेत बाह्य रूपावरून होणारी जुनी चूकही चालू राहिली : १९४८ पासून सिल्व्हेस्टर हा बोका कांगारूच्या पिल्लाला राक्षसी उंदीर समजत आला. तथापि फ्रिझ फ्रेलेंग यांच्या १९५५ च्या ‘हेअर ब्रश’ने याहून पुढची मजल मारली. तेथे स्वतःला ससा मानणारा धनाढ्य एल्मर फड मनोरुग्णालयातून निसटतो, त्याच्या जागी सापडलेल्या बग्ज बनी या सशावर उपचार होतात आणि आपण एल्मरच आहोत हे तो खरोखर मानू लागतो. त्यानंतर ससा झालेल्या एल्मरची शिकार करायला बग्ज बंदूक घेऊन निघतो, म्हणजे एरवी एल्मर शिकारी आणि बग्ज सावज असे दोघांचे नेहमीचे युद्ध तसेच राहून बाजू तेवढ्या बदलतात. अखेरीस थकलेल्या कराबद्दल सरकारी माणूस येतो आणि एल्मर फड म्हणून बग्जलाच धरून नेतो.