पिळाची वायर आणि झिजता कार्बन

चालू मिक्सरमधून ठिणग्या दिसल्या, जळका वास आला, की दुरुस्तीवाला झाकण खोलायच्या आधीच सांगतो, "कार्बन गेलेत." मग चिमट्यात धरून तो काळा चौकोनी तुकडा बाहेर काढतो. मागे स्प्रिंग, पुढची बाजू फिरत्या तांब्यावर घासून बाकदार झालेली. मोटरच्या फिरत्या भागाला वायर थेट जोडली, तर क्षणात पीळ बसून ती तुटेल. म्हणून हा तुकडा नुसता टेकून राहतो आणि झिजत जातो.

त्याचं कूळ लंडनमध्ये सापडतं. १८२१ साली मायकेल फॅरडेने टांगलेली तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली, तेव्हा तारेचं खालचं टोक पाऱ्यात बुडवलेलं होतं. तार कितीही फिरो, पारा तिला सोडत नाही. युक्ती देखणी, पण पाऱ्याच्या वाट्या मांडून कारखाना चालवायचा कसा? १८३१ मध्ये तांब्याची चकती फिरवून वीज निर्माण करताना त्याने कडेला आणि आसाला धातूच्या पट्ट्या टेकवल्या. इथे पाऱ्याची जागा घासण्याने घेतली.

पुढच्या डायनॅमोंवर तांब्याच्या बारीक तारांच्या जुड्या आल्या. 'ब्रश' हे नाव त्यांचं. पण तांबं तांब्यालाच खाई, ठिणग्या उडत. १८८५ मध्ये स्कॉटलंडच्या जॉर्ज फोर्ब्ज यांनी कार्बनच्या ब्रशचं पेटंट घेतलं. तांब्यापेक्षा वाईट वाहक मुद्दाम निवडायचा, हे मला या साऱ्या कथेतलं सर्वात धीट पाऊल वाटतं. प्रवाहाची दिशा बदलत राहणारं, तांब्याच्या सुट्या पट्ट्यांचं फिरतं कडं म्हणजे कम्युटेटर. ब्रश त्याच्या दोन पट्ट्यांवर एकदमच टेकतो, तेव्हा त्यांच्यात नको तो प्रवाह खेळतो. कार्बनचा अडथळा त्यालाच आवर घालतो. शिवाय तो गुळगुळीत असतो आणि महाग तांब्याऐवजी स्वतः झिजतो. अमेरिकेतल्या ट्रामच्या मोटरींनी तो लवकरच उचलला.

जिथे प्रवाहाची दिशा बदलायची नसते, तिथे नुसत्या अखंड कड्या पुरतात. त्यांना स्लिप रिंग म्हणतात. गाडीच्या अल्टरनेटरमध्ये बहुधा त्याच असतात. सीटी स्कॅनमध्ये त्या १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आल्या. त्याआधी पेशंटभोवती फिरणारं यंत्राचं कडं एक फेरी मारून थांबे आणि केबल उलगडायला उलटं फिरे. पेशंटने तोवर वाट पाहायची.

पण घासणंच टाळता आलं तर? उजव्या तळहातावर रिकामी बशी ठेवा. ती आडवीच ठेवून काखेखालून एक पूर्ण फेरी द्या, हात पिरगळतो. न थांबता त्याच दिशेने दुसरी फेरी डोक्यावरून द्या, हात मोकळा! बशी दोनदा फिरली, खांद्याशी मात्र काहीच तुटलं नाही.

अमेरिकेच्या डेल अॅडम्स यांना १९७१ मध्ये मिळालेलं पेटंट याच तत्त्वावरचं आहे. केबल खालून निघते, फिरत्या तबकडीला बाहेरून वळसा घालते आणि वरून तिच्यात शिरते. हा वळसा तबकडीच्या निम्म्या वेगाने फिरवला, की पीळ साठतच नाही; मध्ये ना कडी, ना कार्बन. वायरीऐवजी नळी घेतली तरी हेच गणित चालतं. १९७५ मध्ये योइचिरो इतो आणि सहकाऱ्यांनी रक्तातला प्लाझ्मा वेगळा करणारं सेंट्रिफ्यूज असंच मांडलं. त्यात नळ्या फिरत्या भांड्याला थेट जोडलेल्या असतात, त्यामुळे रक्त कोणत्याही घासत्या सांध्यातून जात नाही.