तटस्थतेची कसोटी : मुरगावच्या बंदरातील दोन प्रसंग

९ मार्च ही तारीख पोर्तुगालच्या अर्वाचीन इतिहासात दोन वेळा महत्त्वाची ठरली. १९१६ साली याच दिवशी जर्मनीने पोर्तुगालविरुद्ध युद्ध पुकारले. १९४३ साली याच तारखेच्या रात्री पोर्तुगालच्या ताब्यातील गोव्यात, मुरगावच्या बंदरात, परकीय युद्धाचा भडका उडाला आणि जर्मन जहाजे जळाली. परंतु पोर्तुगाल युद्धात ओढला गेला नाही. दोन्ही वेळी वादाचा विषय जर्मन जहाजे हाच होता. देश तोच आणि इंग्लंडशी १३७३ साली झालेला मैत्रीचा तहही तोच. मग परिणाम भिन्न का झाला? तटस्थ राष्ट्र दुसऱ्यांच्या युद्धात का गुरफटते, या प्रश्नाचे उत्तर या तुलनेतून मिळते, असे आम्हांस वाटते.

प्रथम १९१४ ची स्थिती पाहू. पोर्तुगालमधील प्रजासत्ताक तेव्हा अवघे चार वर्षांचे होते. ५ ऑक्टोबर १९१० रोजी राजसत्ता संपली, परंतु राजपक्षीयांची आशा मावळली नव्हती आणि युरोपातील राजदरबार या नव्या राज्याकडे संशयानेच पाहत होते. शिवाय आफ्रिकेतील अंगोला व मोझांबिक या वसाहतींची चिंता होतीच. १८९८ साली इंग्लंड व जर्मनी यांनी या वसाहतींच्या संभाव्य वाटणीचा गुप्त करार केला होता आणि पुढे १९१३ मध्ये त्याच विषयावर पुन्हा बोलणी झाली होती. म्हणजे ज्या मित्राच्या भरवशावर वसाहती टिकवावयाच्या, तोच मित्र त्यांच्या वाटणीची भाषा शत्रूशी बोलत होता!

ऑगस्ट १९१४ मध्ये पोर्तुगालने इंग्लंडच्या मैत्रीशी आपली निष्ठा जाहीर केली, परंतु युद्ध पुकारले नाही आणि तटस्थताही घोषित केली नाही. हे इंग्लंडच्याच इच्छेनुसार घडले. पोर्तुगाल लढाईत उतरल्यास त्याच्या रक्षणाचा भार आपल्यावर पडेल आणि तटस्थ झाल्यास त्याची बंदरे आपणांस मोकळी राहणार नाहीत, असा इंग्लंडचा हिशेब होता. अशी ही ना धड युद्ध, ना धड तटस्थता! इकडे आफ्रिकेत मात्र चकमकी सुरूच झाल्या. १८ डिसेंबर १९१४ रोजी अंगोलातील नौलीला येथे जर्मन तुकडीने पोर्तुगीज सैन्याचा पराभव केला आणि तरीही दोन्ही देशांत अधिकृत युद्ध नव्हते.

लिस्बनमध्ये मतभेद तीव्र होते. अफोन्सो कोस्ता यांच्या लोकशाही पक्षाला युद्ध हवे होते. युद्धात भाग घेतला तरच तहाच्या मेजावर आपणांस जागा मिळेल, वसाहती वाचतील आणि प्रजासत्ताकाला युरोपात मान लाभेल, ही त्यांची धारणा होती. जानेवारी १९१५ मध्ये सत्तेवर आलेले पिमेंता द कास्त्रो यांचे शासन युद्धास प्रतिकूल होते. १४ मे १९१५ च्या उठावाने ते उलथून पडले आणि युद्धवाद्यांचा मार्ग मोकळा झाला.

आता केवळ निमित्त हवे होते. युद्ध सुरू होताच अनेक जर्मन जहाजांनी पोर्तुगालच्या व त्याच्या वसाहतींच्या बंदरांत आश्रय घेतला होता. त्यांची संख्या सुमारे सत्तर होती आणि त्यांतील काही मुरगावातही नांगरून पडली होती. पाणबुड्यांच्या हल्ल्यांमुळे इंग्लंडला जहाजांची निकड भासू लागली. दीड वर्षापूर्वी पोर्तुगालला थोपवून धरणाऱ्या इंग्लंडने फेब्रुवारी १९१६ मध्ये प्राचीन मैत्रीच्या नावाने ती जहाजे ताब्यात घेण्याची विनंती केली. २३ फेब्रुवारीस लिस्बनमधील जहाजे ताब्यात घेण्यात आली आणि दोन आठवड्यांनी युद्ध आले.

त्याची किंमत जबर होती. सुमारे ५५ हजार सैनिक फ्लँडर्सच्या खंदकांत गेले. ९ एप्रिल १९१८ च्या लीसच्या लढाईत एका दिवसात मृत, जखमी व कैदी मिळून सुमारे सात हजार माणसे गमावली गेली. घरी अन्नधान्याची टंचाई आणि दंगे. डिसेंबर १९१७ मध्ये सिदोनियो पाइश यांनी सत्ता बळकावली आणि वर्षभरातच त्यांचा खून झाला. वसाहती राहिल्या; पण ज्या प्रजासत्ताकाच्या प्रतिष्ठेसाठी युद्ध स्वीकारले, ते दुर्बल होत गेले आणि २८ मे १९२६ च्या लष्करी उठावात संपले. त्याच उठावाच्या पोटी पुढे सालाझार यांची हुकूमशाही जन्मली, आणि गोमंतकाला तिचा जाच १९६१ पर्यंत सोसावा लागला.

दुसऱ्या महायुद्धात मुरगाव बंदरात पुन्हा एरेनफेल्स, द्राखेनफेल्स व ब्राउनफेल्स ही जर्मन आणि आन्फोरा हे इटालियन जहाज अडकून पडले होते. एरेनफेल्सवरील गुप्त बिनतारी यंत्रावरून पाणबुड्यांना बातम्या जातात, असा इंग्रजांचा संशय होता. तेव्हा कलकत्त्यातील हौशी स्वयंसेवक सैनिकांची एक टोळी ‘फीबी’ नावाच्या जुनाट जहाजातून आली आणि त्या रात्री एरेनफेल्सवर चढली. कप्तान मारला गेला आणि खलाशांनी जहाजे पेटवून बुडविली. तटस्थ बंदरातील हा उघड अतिक्रम होता. परंतु त्याची सविस्तर हकीकत जगापुढे आली ती १९७८ साली.

या वेळी युद्ध का आले नाही? कारण ते कोणालाच नको होते. सालाझार यांना राजवट टिकवावयाची होती आणि युद्धात तिला धोका दिसत होता. इंग्लंडला तटस्थ पोर्तुगाल सोयीचा होता. जर्मनीला पोर्तुगालचे टंगस्टनचे खनिज हवे होते आणि ते जून १९४४ पर्यंत मिळत राहिले. तिमोरमध्ये डिसेंबर १९४१ मध्ये दोस्तांचे सैन्य आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानी सैन्य उतरले, तरीही पोर्तुगाल तटस्थच राहिला. ऑक्टोबर १९४३ मध्ये तर १३७३ च्या त्याच तहाचा आधार घेऊन इंग्लंडने अझोर बेटांवर तळ मिळविला. जर्मनीने निषेध नोंदविला, युद्ध पुकारले नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. तह, जहाजे, अपमान ही युद्धाची निमित्ते होत, कारणे नव्हेत. एका बाजूस युद्धमान राष्ट्राची निकड आणि दुसऱ्या बाजूस तटस्थ देशातील सत्ताधाऱ्यांची स्वतःची गरज, या दोहोंची गाठ पडली की सहाशे वर्षांचा तहदेखील जागा होतो; ती न पडली तर बंदरात जळणारी जहाजेही कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. म्हणून एखादा तटस्थ देश युद्धाकडे झुकू लागला, तर त्याच्यावर काय अन्याय झाला एवढेच पाहून भागणार नाही; युद्ध घरात कोणाला हवे आहे, हेही विचारले पाहिजे. मुरगावच्या काठावरील खारव्याला तो प्रश्न दोन्ही वेळी कोणी विचारला नाही. ज्वाळा मात्र त्याच्याच बंदरात उठल्या.