माळढोक अभयारण्य: ८,४९६ चौरस किलोमीटरचं १,२२२ कसं झालं?

अभयारण्य म्हटलं की घनदाट जंगल आणि सफारीची जीप डोळ्यांसमोर येते. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य तसं नाही. इथं गवताळ माळरान आहे आणि त्याला लागून लोकांची शेतं.

१९७९ मध्ये हे अभयारण्य जाहीर झालं, तेव्हा त्याचं क्षेत्र होतं तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर. म्हणजे साधारण चौदा बृहन्मुंबई! सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातली शेतं, गावं, रस्ते, सगळंच त्यात आलं. माळढोक दूरवर पसरलेल्या माळरानांवर फिरतो आणि जमिनीवरच अंडं घालतो, तेही बहुतेक वेळा एकच. त्यामुळे त्याला मोठी जागा लागते, हे खरं. पण ही जागा रिकामी नव्हती.

इथे कायदा समजून घ्यायला हवा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायला बंदी असते. अभयारण्यात नियम थोडे सैल असतात, लोकांचे काही हक्क परवानगीने सुरू राहू शकतात. मात्र अभयारण्याची अधिसूचना निघाली की हद्दीतल्या जमिनीवर वारसाहक्क सोडून नवा हक्क मिळवता येत नाही. साहजिकच जमिनीची खरेदी-विक्री अडली, बांधकामं अडली. मुलीच्या लग्नासाठी एकरभर रान विकायचं तरी अडचण. राग निघाला तो पक्ष्यावर.

अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनंतर क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं.

तोवर माळरानाचं काय झालं? पाणी आलं तिथे ऊस आला. सरकारी कागदांवर गवताळ रान म्हणजे 'पडीक', म्हणून त्यावर झाडं लावली गेली. माळढोकला मात्र झाडी नको, मोकळं गवत हवं. शिवाय हा पक्षी वजनदार, त्याला समोरचं नीट दिसत नाही, त्यामुळे विजेच्या तारांना धडकून मरतो. आज देशात दीडशेहून कमी माळढोक उरलेत, बहुतेक राजस्थानात जैसलमेरच्या आसपास. महाराष्ट्रात तो दिसला तर बातमी होते.

२००२ च्या दुरुस्तीने कायद्यात 'सामुदायिक राखीव क्षेत्र' हा नवा प्रकार आला. त्यात गावकरी किंवा जमीनमालक स्वतःहून तयार झाले, तरच त्यांची जमीन संरक्षित होते आणि व्यवस्थापन समितीत त्यांचे प्रतिनिधी बसतात. १९७९ मध्ये हा पर्यायच नव्हता.